दाजीबांचं जेवण

किल्ल्याचा महादरवाजा फुटला तेव्हा केतकी कोशिंबीर वाढत होती.

"केतकी," मी तिच्या खुर्चीमागून म्हणालो, "आत्ता एक आवाज झाला, ऐकलास का?"

"हो सर. कसला होता?"

"महादरवाजा पडला."

"अच्छा," ती म्हणाली आणि पळीतली कोशिंबीर तिने अगदी जपून पडद्यावरच्या पानाच्या डाव्या अंगाला ठेवली. पानावर बसलेल्या पाहुण्याने मान डोलावली. केतकीने खुशीत कंट्रोलर मांडीवर आपटला. "बघितलंत? डावीकडे. मघाशी उजवीकडे पडली तर याने भुवई चढवली होती."

"तुझा भाऊ शत्रूला मिळालाय. गडावर तुझी माणसं मरतायत."

"हो, ते मघाशी एकजण पळत येऊन सांगून गेला." ती जराशी ओशाळली. "फक्त आमटी फिरवते आणि जाते, सर."

ती गेली नाही. आमटीनंतर भात होता, भातानंतर ताक. चाळीस मिनिटं भरली, सुवेळगड पडला, पडदा काळा झाला, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत मी लिहिलेलं वाक्य आलं : 'तू आली असतीस तर.' तीन आठवडे खपून मी ते वाक्य लिहिलं होतं. केतकी म्हणाली, "अरे, ताक राहिलं."

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. त्याआधी अठरा वर्षं मी एका दैनिकात दर रविवारी विनोदी सदर लिहीत होतो. मग त्या जागेवर जाहिरात घ्यायचं ठरलं आणि सदर बंद झालं. वाचकांची एकही तक्रार आली नाही. जाहिरात छान असल्याची दोन पत्रं मात्र आली. तेव्हा विक्रांत टिळेकर नावाच्या एका तिशीतल्या माणसाने मला फोन केला. बाणेरला फरशांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याची व्हिडिओ गेम बनवायची कंपनी होती, आणि त्याला गोष्ट लिहायला माणूस हवा होता.

"ओपन वर्ल्ड गेम आहे, सर," पहिल्याच दिवशी त्याने मला समजावलं. "म्हणजे खेळणाऱ्याला आपण एक अख्खा मुलूख देऊन टाकायचा. डोंगर, नदी, गावं. त्याने वाटेल तिकडे जावं."

"मग त्याने गोष्टीतच का यावं?"

"गोष्ट चांगली असली तर येईल की."

तीन वर्षं मी त्या गोष्टीवर घालवली. अकराशे पानं. तुळजा नावाची जासूद, तिचा फितूर भाऊ, वेढा पडलेला गड, आणि पहाट व्हायच्या आत तुळजाने गडावर पोचून भावासमोर उभं राहणं. त्या बहीणभावांच्या शेवटच्या संवादाचे मी चौदा खर्डे केले होते. आयुष्यभर लोकांची टिंगल करून पोट भरलेल्या माणसाने पहिल्यांदाच काहीतरी गंभीरपणे लिहिलं होतं, आणि ते कुणीतरी बघावं एवढीच माझी इच्छा होती.

पण मुलूख म्हटला की रिकामा ठेवता येत नाही. म्हणून त्यात मिनीगेम टाकले होते. खेळलं तरी चालेल, नाही खेळलं तरी गोष्टीचं काही अडत नाही, असे. नदीत गळ टाकून मासे धरायचे, भोवरा फिरवायचा, बैलगाडी पळवायची. आणि गडाच्या वाटेवर एका गावात उत्सवाची पंगत असे. तिथे कमरेत वाकून वाढत जायचं, एवढाच खेळ. मीठ कुठे, चटणी कुठे, पळी किती भरायची, कुणाला आग्रह करायचा, कुणी पानावर हात आडवा धरला तर खरंच नको आहे की उगीच, हे ओळखायचं. शलाका भिलारेने तो बनवला होता. सव्वीस वर्षांची, वाईकडची, तोंडात सतत बडीशेप. तिने ते दोन आठवड्यांत उरकलं होतं, दुसरं काम करता करता.

त्या शुक्रवारी गेम खेळून बघायला बारा टेस्टर होते, सगळे कॉलेजातले. बारांपैकी गडावर शून्य पोचले. अकरा पंगतीत होते. बारावा मासे धरत होता, त्याला पंगत सापडली नव्हती आणि नंतर कळल्यावर तो फार हळहळला.

विक्रांतने मला काचेच्या खोलीत बोलावलं.

"सर, सरळ बोलतो. पैसे घालणारी बंगळूरची माणसं महिनाअखेर बघायला येतायत. त्यांचा वेळ चाळीस मिनिटं, तेवढ्यात जे दिसेल त्यावर ते ठरवणार. दोन्ही पूर्ण करायला आपल्याकडे माणसंच नाहीत. लोक जिथे रमतात ते ठेवायचं, बाकीचं काढायचं."

"बाकीचं म्हणजे गोष्ट?"

"दोन आठवडे देतो. दोन शुक्रवार टेस्ट घेऊ. बारातले सहा जरी शेवटापर्यंत पोचले तरी गोष्ट राहिली. नाहीतर पंगतच करू मोठी."

"मोठी म्हणजे?"

"एका पंगतीत एकाच वेळी शेकडो खेळणारे. मल्टीप्लेयर," तो म्हणाला. हा शब्द उच्चारताना त्याच्या चेहऱ्यावर एक भक्तिभाव येत असे.

मी जागेवर येऊन बसलो. पंगत उठवणं एवढाच आता माझ्यासमोर प्रश्न होता. काढून टाकायची मला मुभा नव्हती. अवघड करून उपयोग नव्हता, भुवई चढवणारा पाहुणा हा आधीच सगळ्यांचा लाडका झाला होता. उरला तो कंटाळा. आणि माणसाला कंटाळा कसा आणावा याचा मला अनुभव होता.

"शलाका," मी म्हणालो, "तुझ्या पंगतीत एक चूक आहे."

ती दचकली. "लिंबाची फोड? ती मी बदललीये सर."

"लिंबाची नाही. पंगतीला वडीलधारं माणूसच नाही. पहिल्या पानावर कुणीतरी बुजुर्ग नको? पंगत शोभते का अशी?"

तिने बडीशेप चघळायची थांबवली. "खरंच की हो. आमच्याकडे पहिल्या पानावर भाऊआबा बसतात. ते उठेपर्यंत कुणी उठत नाही."

"बास. तसाच एक टाकू. मी लिहून देतो."

असे दाजीबा जन्माला आले. ऐंशीच्या पुढचे, पांढऱ्या मिश्या, डोक्याला पटका. त्यांचं काम एकच : जेवायचं, आणि शक्य तितकं सावकाश. एक घास घ्यावा, हात पानातच ठेवावा, इकडे तिकडे बघावं, काहीतरी बोलावं, मग भाताचा एखादा कण या कडेचा त्या कडेला न्यावा. पडद्याच्या कोपऱ्यात 'पंगत सोडा' असं लाल बटण होतंच. माझा हिशेब सोपा होता. पाच मिनिटं हे बघितल्यावर कुठलाही विशीतला माणूस ते बटण दाबणार आणि जीव घेऊन गडाकडे पळणार.

दाजीबांची चौतीस वाक्यं मी एका दुपारी लिहिली. चौदा सोडा, एकही खर्डा करावा लागला नाही. बोलायला नट बोलवायला वेळ नव्हता, म्हणून आतून गाद्या ठोकलेल्या कपाटात मीच जाऊन बसलो. शलाका बाहेरून हेडफोन लावून ऐकत होती.

"'घाई आहे का तुम्हाला? मला नाही.' हे झालं. पुढचं घ्या सर."

"'हे वांगं कुणाच्या मळ्यातलं? नाही, सांगू नका. आठवू दे.'"

ती हसली. "पुढचं."

"'एवढ्या लवकर जेवून माणूस करतो काय पुढं?'"

"थांबा थांबा." तिने कपाटाचं दार उघडलं. "हा आवाज कुणाचाय?"

"माझाच."

"तुमचा असा नाहीये. तुम्ही कुणाची तरी नक्कल करताय."

"घरातली आहे," मी म्हणालो. "दार लाव."

माझे वडील, तात्या, कोरेगावला जमीन मोजणी खात्यात होते. रिटायर होऊन तेव्हा त्यांना बावीस वर्षं झाली होती, पण माणूस अजून जेवायचा तो साखळी टाकून मोजणी चालल्यासारखा. लहानपणी मला त्याचा वैताग यायचा, आणि मोठेपणी मी त्याच्यावर तीन लेख लिहिले होते. माझं स्वतःचं जेवण सात मिनिटांत आटोपतं. आयुष्यात एकदाही मी तात्यांच्या मागून उठलेलो नव्हतो.

दुसऱ्या शुक्रवारी नवे बारा टेस्टर आले. त्यांच्यात केतकीही होती, एक मुलगा आला नाही म्हणून शलाकाने तिला परत बोलावलं होतं. मी तिच्याच मागे उभा राहिलो. पंगत बसली, तिने झराझरा वाढलं, सगळ्यांची पानं होत आली. दाजीबांनी एक घास घेतला आणि वांग्याची चौकशी केली.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. माझ्या मनात आनंद मावेना.

"केतकी, ते लाल बटण दिसतंय ना?"

"दिसतंय सर."

"दाबलं की पंगतीतून बाहेर पडता येतं."

"माहितीये."

"मग?"

तिने मान वळवून माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवळात चप्पल घालून शिरलोय. "आजोबा जेवतायत ना."

"अगं, ते खरे नाहीत."

"तेही माहितीये सर." आणि पडद्याकडे वळून ती म्हणाली, "आजोबा, थोडा भात वाढू का?"

दाजीबा म्हणाले, "घाई आहे का तुम्हाला? मला नाही." आवाज माझा होता.

मी दुसऱ्या टेबलाकडे गेलो. तिथेही तेच. तिसऱ्या टेबलावरचा तुषार नावाचा धिप्पाड मुलगा, जो एरवी गेममध्ये माणसं कापत सुटतो असं विक्रांतने कौतुकाने सांगितलं होतं, तो ताकाचा गडवा घेऊन दाजीबांच्या पानाशी वाकून उभा होता. त्याला बाथरूमला जायचं होतं. त्याने शेजारच्याला सांगितलं, "जरा माझा पण कंट्रोलर धर रे, म्हातारा एकटा नको राहायला." बाहेर गडाची तटबंदी ढासळत होती. धावत येणारा निरोप्या घसा फोडून फोडून 'तुळजाताई, घात झाला!' म्हणत होता. त्याला कुणीतरी पान वाढायचा प्रयत्न केला.

बारांपैकी बारांनी लाल बटण दाबलं नाही. गड बारा वेळा पडला.

ज्याला मी कंटाळा म्हणून रचला होता, त्याला सोडून उठायची यांच्यात हिंमत नव्हती. घरी हीच पोरं ताटातून उठून मोबाईल बघायला पळत असतील. इथे मात्र एकही उठेना.

"सर, जादू आहे!" विक्रांत काचेच्या खोलीत येरझारा घालत होता. "चाळीस मिनिटं! एक माणूस उठला नाही! हे दाजीबा तुमचे ना?"

"दुर्दैवाने."

"पण एक सांगा. हे संपतं कुठे?"

मी शलाकाकडे बघितलं. शलाकाने माझ्याकडे बघितलं. "मला सरांनी चौतीस वाक्यं दिली," ती म्हणाली. "ती फिरून फिरून येतात. शेवटचं वाक्य नाहीच."

"म्हणजे तो माणूस कधीच उठत नाही?"

"नाही."

"अहो, मग खेळणारा कधी उठणार?"

हे ऐकलं आणि मला पुन्हा धुगधुगी आली. "विक्रांत, हेच तर. दाजीबा उठले तर सगळे उठतील. आणि उठले की जाणार कुठे? गडावर. अजून एक शुक्रवार बाकी आहे. दाजीबांना मी उठवतो."

त्याने कॅलेंडर बघितलं. "एक. फक्त एक. अट तीच. सहा जण."

एवढंच लिहायचं होतं : जेवून उठताना म्हातारा काय म्हणतो. शुक्रवारची रात्र आणि अख्खा शनिवार मी ते वाक्य लिहीत होतो. 'अन्नदाता सुखी भव' लिहिलं, ते किराणा दुकानाच्या पिशवीसारखं वाटलं. 'तृप्त झालो' लिहिलं. कपाटात बसून म्हणालो, तर आवाज माझाच आला, तात्यांचा येईना. शलाका हेडफोन काढून म्हणाली, "खोटं वाटतंय सर. बाकी सगळं खरं आहे, हे एकच नाही. खरंच काय म्हणतात ते?"

"कोण?"

"ज्यांची नक्कल करता ते."

 मला माहीतच नव्हतं.

रविवारी सकाळी मी गाडी काढून कोरेगावला गेलो. न कळवता गेल्यामुळे आईने पहिल्यांदा माझी तब्येत विचारली, मग सुनेची, मग नोकरीची. बारा वाजता आम्ही दोघं बापलेक स्वयंपाकघरात जमिनीवर पाट घेऊन बसलो. आई गॅसपाशी उभी. तव्यावरची भाकरी उचलायची आणि सरळ पानात टाकायची, ही तिची पद्धत. गार भाकरी पाहुण्यालासुद्धा वाढायची नाही.

सात मिनिटांत माझं झालं. हात पानात ठेवून मी बसून राहिलो.

"अजून एक टाकू?" आईने विचारलं.

"नको."

"मग ऊठ की."

"बसतो जरा."

ती वळून माझ्याकडे बघायला लागली. पिठाच्या हाताची मागची बाजू तिने माझ्या कपाळाला लावून पाहिली. "ताप नाही."

"कामावरनं काढलं असंल," तात्या म्हणाले. त्यांनी भाकरीचा एक तुकडा मोडला होता. तो वांग्याच्या भाजीत बुडवून त्यांनी पानाच्या कडेला ठेवून दिला.

"अजून काढलं नाही, तात्या."

"मग घाई असायला पायजे की तुला."

आणखी दहा मिनिटं गेली. माझा हात वाळला. तात्यांच्या पानात पावणेदोन भाकऱ्या तशाच होत्या. एवढ्या वेळात त्यांनी चतकोरच संपवली होती. त्यांचं बोट पानात फिरत होतं, मिठाची चिमूट या जागेवरून त्या जागेवर जात होती. वैताग म्हणजे काय हे मला पुन्हा लख्ख आठवलं. मला वाटलं, मी इथून उठेन तेव्हा पुण्यात गेमच नव्हे, वीजही बंद झालेली असेल.

मग आईने गॅस बंद केला. तव्यावर पाणी टाकलं, चर्र झालं. परात धुऊन उभी केली. शेवटची भाकरी, जी तव्यावर जरा मोडली होती, ती स्वतःच्या ताटात घेतली आणि तात्यांच्या समोर, भिंतीला टेकून, बसली.

तात्या जेवायला लागले.

म्हणजे अगदी नीट, माणसासारखं. भाकरी मोडली, घास घेतला, चावला. तिने घास घेतला की हे घेत. तिने ठेचा मागितला, यांनी वाटी सरकवली. ती म्हणाली, "बर्ग्यांची धाकटी सून परत आली म्हणं माहेरनं." आडनाव आमचंच, पण बर्गे गावात ढिगाने. तात्या म्हणाले, "येणारच. तिकडं आई भांडकुदळ हाय तिची." "तुम्हाला काय माहीत?" "मोजणीला गेलतो त्यांच्यात. बांधावर उभी ऱ्हाऊन भांडली होती." आई हसली. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत.

मी तिथेच बसलो होतो. चोपन्न वर्षांचा होतो, आणि आईला जेवताना पहिल्यांदा बघत होतो. मी सात मिनिटांत उठत आलो होतो. ती बसायची ती त्यानंतर.

तिने ताट पुसून शेवटचा तुकडा तोंडात टाकला. तात्यांच्या पानातही नेमका तेव्हा शेवटचाच घास होता. तो घेऊन त्यांनी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. तिचं पाणी पिऊन झालं.

"उठायचं?" तात्यांनी तिला विचारलं.

"उठा," ती म्हणाली.

ते गुडघ्यावर हात टेकून उठले.

हात धुताना मोरीपाशी मी त्यांना म्हणालो, "तात्या, आई बसेपर्यंत तुम्ही चतकोरच भाकरी खाल्लीत."

"भाकरी गरम असती," तात्या म्हणाले. "जीभ भाजती."

"आणि नंतर पावणेदोन खाल्लीत."

"नंतर गार झाली की." त्यांनी टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि ओसरीवर पेपर वाचायला गेले.

आईला विचारलं तर ती म्हणाली, "त्यांचं पहिल्यापासनंच सावकाश. तू तर लिवलंयस की त्याच्यावर."

सोमवारी मी शलाकाला सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "दाजीबा कुणाची तरी वाट बघतायत."

"कुणाची? सगळे तर जेवलेत."

"वाढणारी राहिलीये ना."

तिने तुळजाची आकृती पडद्यावर आणली. मग म्हणाली, "तुळजाला मांडी घालता येत नाही सर. घोड्यावर बसायचीच आकृती आहे तिची."

"तीच वापर."

चार दिवस तिने खपून ते केलं. पंगत संपत आली, सगळ्यांची पानं झाली, की दाजीबा खेळणाऱ्याच्या हातातली पळी बघून विचारणार, "तुझं पान कुठाय?" मग खेळणाऱ्याने स्वतःसाठी पान घ्यायचं, मांडायचं, दाजीबांच्या समोर बसायचं. आपण घास घेतला की दाजीबा घेणार. आपण थांबलो की थांबणार. शेवटी पाणी. आणि ते एक वाक्य. तुळजा जरा रिकीब शोधत असल्यासारखी बसे, पण बसे.

तिसऱ्या शुक्रवारी तेच बारा जण परत आले, पण मी कुणाच्याही मागे उभा राहिलो नाही. कोपऱ्यात पाण्याच्या कूलरपाशी थांबलो. साधारण पंचवीस मिनिटांनी केतकीच्या पडद्यावर दाजीबांनी तो प्रश्न विचारला. तिने दोनदा ऐकला. मग हेडफोन कानावर घट्ट दाबून धरला.

"अय्या," ती म्हणाली. "माझ्यासाठी थांबलेत."

त्या बाजूला तुषार इतका हळूहळू जेवत होता की मला त्याला ढोसावंसं वाटलं. त्या दहा-पंधरा मिनिटांत खोलीत एकही बटण जोरात वाजलं नाही. मग एकामागून एक दाजीबांनी विचारलं, "उठायचं?" आणि एकामागून एक बाराही जणांनी 'उठा' दाबलं.

आणि मग, तीन वर्षांत पहिल्यांदा, ते गडाकडे धावले. बाराच्या बारा. केतकी घोड्याला टाच मारून ओरडत होती, "चल, चल, चल!" विक्रांत खोलीतून बाहेर आला. मी कूलर धरून उभा होतो. खिंड ओलांडली, तट दिसला, दरवाजा दिसला.

दरवाजा पडलेला होता. चाळीस मिनिटं भरली होती. पडदा काळा झाला. 'तू आली असतीस तर.'

"अहो, आले होते की मी!" केतकी पडद्याला म्हणाली.

विक्रांत माझ्याजवळ येऊन उभा राहिला. तो काही वाईट माणूस नव्हता. "सर, फक्त चार-पाच मिनिटांनी हुकलं सगळ्यांचं. चार-पाच मिनिटं! चाळीसचे पंचेचाळीस मला करता येत नाहीत, बंगळूरवाले घड्याळ लावून बसतात. पण सोपं आहे. दाजीबांना थोडं पटापट जेवायला लावू. तिने पान घ्यायची वाट बघायलाच नको, सगळ्यांची पानं झाली की उठले. सगळे वेळेत गडावर. बाराच्या बारा. तुमची अख्खी गोष्ट राहते."

"तिने पान घ्यायच्या आधी उठवायचं त्यांना?"

"एक ओळ बदलायची आहे. शलाका आत्ता करेल."

शलाका कीबोर्डवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. तोंडात बडीशेप नव्हती.

अकराशे पानं होती. चौदा खर्डे होते. त्या बहिणीने भावाला जे विचारलं होतं ते मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे, आणि ते माझ्याखेरीज कुणी वाचलेलं नाही.

"किंवा मग," विक्रांत म्हणाला, "दुसरा पर्याय तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही सांगा सर. काय काढू?"

पलीकडे तुषारने गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू केला होता.

"किल्ला काढ," मी म्हणालो.